हुबेहूब

"काहीतरी बोला ना, ताई," टेबलापलीकडचा पोलीस म्हणाला.

भाचीनं घसा खाकरला. सकाळच्या तीन तुकड्यांना पोहायला शिकवून ती तलावावरून थेट इथं आली होती. केस अजून ओले, खांद्यावर टॉवेलची पिशवी, आणि घसा पार बसलेला. छताखालच्या तलावात शब्द भिंतींवर आपटून परत येतात. त्यांच्यावर मात करत चार तास ओरडल्यावर गळ्यातून जे निघतं, त्याला आवाज म्हणणं म्हणजे आवाजाचा अपमान.

"काय बोलू?"

"काहीही बोला. काकांना विचारायचंय, फोनवरचा आवाज असाच होता का."

"आज ऊन फार आहे," ती म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही.

पोलिसानं मामाकडे पाहिलं. मामा दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता, फोटो काढून घ्यायला बसवल्यासारखा.

"हुबेहूब," मामा म्हणाला.

"असा? बसलेला?"

"बसलेला नव्हे. चांगला असतो तेव्हाचा. पण हिचाच. हुबेहूब."

पोलिसानं एका बोटानं तो शब्द टंकला. मग पुढच्या रकान्यावर येऊन विचारलं, "काय करता आपण?"

"पियानो लावतो."

"दुकान आहे?"

"विकत नाही. लोकांच्या पियानोचे उतरलेले सूर जागेवर आणून देतो. तारा ताणायच्या, ढिल्या करायच्या."

"म्हणजे सगळं कानावरच चालतं की हो!" पोलीस मनापासून म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. गृहस्थ चांगला होता, आल्यापासून त्यानं दोनदा पाणी विचारलं होतं. पण मामाचे तळवे गुडघ्यांवर घट्ट झालेले भाचीनं पाहिले.

"चालायचं," मामा म्हणाला. "आता वय झालंय. लिहा तसं. कान गेलाय."

पोलिसानं तेही लिहून घेतलं.

घडलं होतं ते एवढंच. गेल्या मंगळवारी दुपारी एक वाजता, मामा एका घरी काम करून जेवायला थांबला असताना, त्याला अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे भाची रडत होती. माझ्या स्कूटरनं एका बाईंना उडवलं, मला चौकीत बसवलंय, फोन काढून घेतलाय, वकिलांना देते. वकिलानं एक खातं सांगितलं. मामा हात धुऊन बँकेत गेला आणि घराचं गळकं छप्पर बदलायला म्हणून दोघा नवराबायकोंनी साठवलेले पैसे त्यानं अर्ध्या तासात पाठवून दिले. त्या वेळी खरी भाची कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एका साठीच्या गृहस्थांना पाठीवर तरंगायला शिकवत होती. मंगळवारी दहा ते दोन तिचा मोठ्या माणसांचा वर्ग असतो आणि फोन कपाटात कुलूपबंद. दोन वाजता तिनं मामाला उलट फोन लावला, तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला, "सोडलं का तुला?"

"कुणी?" ती म्हणाली होती.

मामा म्हणाला होता, "ठीक आहेस ना? मग झालं तर."

तिचा आवाज चोरांना कुठून मिळाला, हे शोधायला पोलिसांची गरज पडली नाही. पाण्याला घाबरणाऱ्या माणसांसाठी ती छोटे छोटे व्हिडिओ करायची. ते टाकले की खाली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: 'शाब्बास बेडके! — मामा.' त्या मामावर बोट ठेवलं की उघडायची मामाची जाहिरात. पियानो लावून मिळतील, दुरुस्त करून मिळतील, आणि खाली दोन नंबर. एक त्याचा, एक मामीचा, कारण काम चालू असताना मामा फोन घेत नाही. चोराच्या हाती किल्ल्यांचा जुडगा द्यावा तसा सगळा मामला. भाचीनं त्याच संध्याकाळी सगळे व्हिडिओ काढून टाकले. बैल गेला नि झोपा केला.

चौकीच्या पायऱ्या उतरताना तिनं मामाचा दंड धरला.

"मामा, आवाजच असा बनवतात हल्ली की खऱ्या आईलासुद्धा कळत नाही. कुणीही फसलं असतं."

"हो," मामा म्हणाला आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर बसला. नेहमी तो मागे बसून तिच्या इंजिनात काय बिघडलंय ते सांगत यायचा. आज घरापर्यंत एक अक्षर बोलला नाही. वाटेत मागच्या चाकाशी काहीतरी घासत होतं, ते तिलासुद्धा ऐकू येत होतं.

मामीनं दार उघडलं आणि वाट अडवून उभी राहिली.

"शब्द?"

"अगं, मी समोर उभा आहे."

"असू दे. सवय लागायला हवी."

मामानं आढ्याकडे पाहिलं. "ससा?"

"मुंगूस!" मामी म्हणाली. "चार दिवस झाले. फ्रिजवर चिकटवलाय, फोनमागे चिकटवलाय. एवढं काय अवघड आहे हो त्यात?"

खुणेचा शब्द ठरवायची कल्पना मामीची. घरातल्या कुणीही अडचणीत सापडून फोन केला तर आधी तो शब्द सांगायचा. मुंगूस अशासाठी, की एरवी बोलण्यात तो कुणाच्या तोंडी येत नाही. बायका-मुलं, चुलते-मावश्या, सगळ्यांना तिनं तो पाठ करायला लावला होता. मामाला तेवढा पाठ होत नव्हता.

"संकटात सापडलेल्या माणसाला मुंगूस कसा आठवणार?" मामा चपला काढता काढता पुटपुटला.

"न आठवायला काय झालं? आणि नाही आठवला तर फोन ठेवायचा. सरळ ठेवायचा." शेवटचं वाक्य तिनं गरजेपेक्षा मोठ्यानं म्हटलं आणि ती आत निघून गेली.

भाची त्या घरात नऊ वर्षांची असताना आली होती, आई गेल्यावर. आता ती तलावाजवळ दोन खोल्या घेऊन राहत होती, पण या घरातली कुठली फरशी वाजते हे तिचे पाय अजून विसरले नव्हते. बाहेरच्या खोलीत येताच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग ध्यानात आलं. दाराशेजारच्या खुंटीवर मामाची कामाची पिशवी नव्हती. ती कपाटावर चढवून ठेवली होती आणि वर वर्तमानपत्र पसरलं होतं.

दुपारभर फोन येत राहिले. चुलतभावाचा आला, मामीच्या बहिणीचा आला, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर स्वतः येऊन बसून गेले. प्रत्येकानं आपापल्या ओळखीतली एक फसवणूक सांगितली आणि शेवटी सगळे एकाच ठिकाणी आले: हुबेहूब असतो हो आवाज, तुमचा काही दोष नाही. मामा प्रत्येकाला मान डोलवत होता. समजूत घालणारा उठून गेला की तो खुर्चीत आणखी थोडा खाली सरकायचा. समजुतीनं माणूस सावरायचा तर हा खचत चाललाय, हे भाचीच्या लक्षात येत होतं, पण का, ते कळत नव्हतं.

संध्याकाळी तिच्या फोनवर शाळेतल्या संगीताच्या बाईंचा फोन आला. सभागृहातला पियानो मामा पंचवीस वर्षं लावत होता. रविवारी मुलांचा कार्यक्रम, आणि मामानं निरोप पाठवला होता की दुसरा माणूस बघा.

"बघितला हो," बाई म्हणाल्या. "आला, यंत्र लावून बसला, तासाभरात उठला. यंत्राच्या मते सगळं बरोबर आहे. पण मुलं म्हणतायत पियानोला सर्दी झालीय. मामांना एकदा विचारून बघता का?"

भाचीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. तिनं खुर्ची ओढली, वर चढून पिशवी खाली काढली, आणि धूळ झटकत मामाला सांगितलं, "शाळेचा पियानो मी उद्या लावणार आहे."

"कोण?"

"मी. बाईंना शब्द दिलाय."

"तुला दोन सुरांतला फरक कळत नाही, बेडके. लहानपणी तू गाणं म्हटलंस की शेजारी खिडकी लावून घ्यायचे."

"तू बस ना मागं. तुझा कान गेलाय, हात तर नाही ना गेले? कुठली किल्ली कुठं लावायची तेवढं सांग."

आपल्या पियानोच्या खुंट्यांना ही पोरगी किल्ली लावणार, या विचारानं मामा रात्रभर झोपला नाही, असं मामीनं सकाळी सांगितलं. तो दहा मिनिटं आधीच तयार होऊन बसला होता.

सकाळच्या तुकड्या संपवून भाची त्याला शाळेत घेऊन आली. सभागृहात दोघंच होते. खुर्च्या भिंतीला टेकवून रचल्या होत्या, खिडक्यांतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती. मामानं एक खुर्ची काढली आणि पियानोपासून मुद्दाम दहा पावलं लांब ठेवून बसला. भाचीनं पुढची फळी उतरवली. आत तारांची रांगच रांग. तिनं पिशवीतून किल्ली काढून एका खुंटीवर चढवली.

"ती नव्हे," मामा म्हणाला.

तिनं शेजारच्या खुंटीवर चढवली.

"फिरवू नकोस! आधी ऐकायचं असतं. एकेका पट्टीला तीन तीन तारा आहेत. दोघींना लोकरीचं फेल्ट लावून गप्प करायचं, मग तिसरीचं ऐकायचं. अशी आल्याआल्या पिळायला ती काय पाण्याची तोटी आहे?"

"बरं, ऐकते," ती म्हणाली आणि डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाली. तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं. सगळे आवाज तिच्या लेखी पियानोसारखेच होते. म्हणून तिनं पियानोकडे बघणं सोडलं आणि पट्ट्यांमागच्या काळ्या चकचकीत झाकणात मामाचा चेहरा दिसत होता, त्याकडे बघत राहिली. पंधरा-वीस पट्ट्या काही झालं नाही. मग एका पट्टीला दात आंबल्यासारखा मामाचा एक डोळा मिटला. पुढं आणखी एका पट्टीला. मग वरच्या बाजूला लागोपाठ तिघींना.

शेवटपर्यंत जाऊन ती उलटी फिरली आणि उजवीकडून डावीकडे आली. त्याच तिघींना डोळा मिटला. त्याच पुढच्या एकीला. मग ती मध्येच थांबली, इकडची एक, तिकडची एक अशा वेड्यावाकड्या पट्ट्या दाबू लागली आणि कसलीही सूचना न देता त्या पहिल्या पट्टीवर आली. मामाचा डोळा मिटला.

तिनं हात काढून घेतले आणि वळली.

"मामा, तुझा कान ठणठणीत आहे."

"नाही गं."

"मी मघापासून तुझं तोंड बघतेय. चोर मोकळा सुटला आणि तू संन्याशाला फाशी देऊन बसलायस. त्या यंत्रानं आवाजच असा केला होता की..."

"श्वास घेत नव्हता," मामा म्हणाला.

"कोण?"

मामा उठला. दारापर्यंत जाऊन त्यानं बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं, दार लोटलं आणि परत येऊन पियानोच्या बाकावर तिच्या शेजारी बसला.

"तो आवाज. तू 'मामा' म्हणायच्या आधी तोंडानं असा बारीक श्वास ओढतेस. पोहायला लागायच्या आधीपासून, लहानपणापासूनच. ती पोरगी सहा वाक्यं बोलली, मध्ये एकदासुद्धा श्वास नाही. आणि रडत होती म्हणे. माणूस रडताना श्वासच तर घेतो, दुसरं काय करतो?"

"म्हणजे तुला कळलं होतं."

"दुसऱ्या वाक्याला."

"आणि तरी तू बँकेत गेलास?"

मामानं तिच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि तिची लाकडी मूठ अंगठ्यानं पुसत बसला.

"जाताना म्हणत होतो, ही ती नव्हे. रांगेत उभा राहून तुला फोन लावला. मग परत लावला. तू घेतला नाहीस. मग म्हटलं, समजा माझा कान चुकत असेल. पन्नास वर्षांत एकदा चुकायचा हक्क आहे की नाही त्याला? ती चौकीत बाकावर बसून वाट बघत असेल, मामा येईल म्हणून. आणि मामा इथं उभा राहून तिचे श्वास मोजतोय. माझा नंबर आला तेव्हा मी काही विचार केला नाही."

भाचीला एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी त्याला दोन धपाटे घालावेसे वाटले. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. त्याच्या खांद्याला डोकं टेकलं, तेवढंच. ओल्या केसांचा त्याच्या शर्टावर डाग पडला.

"मग जगासमोर हुबेहूब हुबेहूब काय लावलं होतंस?"

"मामीला काय सांगू? मला कळलं होतं, तरी मी आपलं छप्पर देऊन आलो, असं सांगू? फसलेल्या माणसाची लोक कीव करतात. डोळे उघडे ठेवून फसलेल्याचं काय करतात? त्यापेक्षा कान गेलेला बरा. दगडापेक्षा वीट मऊ."

"पण त्यासाठी काम सोडायचं?"

"कान गेलेला माणूस पियानो लावत हिंडेल कसा? खोटं बोलायचं तर नीट बोलावं."

आणि त्याच्या तोंडून हे इतक्या गंभीरपणे निघालं की तिला हसू फुटलं. बसलेल्या घशातून ते हसू कुणी खुर्ची सरकवल्यासारखं बाहेर आलं. मामाही थोडा हसला. बऱ्याच दिवसांनी.

"म्हणूनच तुला मुंगूस आठवत नाही," ती म्हणाली.

"आठवतो. झोपेतसुद्धा आठवतो. पण मी तो कुणाला विचारणार नाही. तू घाबरलेली असशील, तुला नाही सुचला, तर मी फोन ठेवायचा?" त्यानं मान हलवली. "मला नाही जमायचं. मामीला यातलं काही बोलू नकोस. शपथ घे."

"गळ्याशप्पथ."

"त्या गळ्याची काय शपथ घेतेस! बरं, ऊठ. बाजूला हो."

तिनं बाक मोकळं केलं. मामानं तारांच्या मध्ये फेल्टची फीत खोचली, किल्ली खुंटीवर चढवली आणि मान किंचित कलती करून पहिली पट्टी दाबली. त्याच्या खांद्यांत आठवडाभर जे आवळून बसलं होतं ते सैल होताना तिला दिसलं. आता आपण इथं नसलेलं बरं, असं वाटून ती बाहेर आली आणि दार ओढून घेऊन पायरीवर बसली. तिला हलकं वाटत होतं. संध्याकाळच्या तुकडीला अजून दीड तास होता.

अर्ध्या तासानं फाटकातून मामी येताना दिसली, हातात डबा. पायऱ्यांशी येऊन ती थबकली. आतून एकच सूर येत होता, पुन्हा पुन्हा तोच, किंचित वर, किंचित खाली.

"बसले का कामाला?"

"बसला."

मामी तिच्या शेजारी टेकली. डबा मांडीवर ठेवला. थोडा वेळ दोघी तो एक सूर ऐकत राहिल्या.

"काय म्हणाले?"

"काही नाही," भाची सांभाळून म्हणाली. "कान बरा आहे म्हणाला."

"कान बराच होता. कानाला काय धाड भरलीय?"

मामीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"मला कळलं, तर त्यांना कळलं नसेल होय? माझा कान म्हणजे काय, दारावरची घंटा वाजली की मी फोन उचलते."

"तुला? तुला काय कळलं, मामी?"

मामी डब्याच्या कडीवरून बोट फिरवत राहिली.

"त्यांच्या आधी मला आला होता तो फोन. साडेअकराला. भांडी घासत होते. 'मामी, मी बोलतेय,' आणि रडणं. अगदी तुझा आवाज. पण मला वाटलं, ही पोरगी फार गुणी आहे. तू अडचणीत सापडलीस की आधी भांडतेस. जिला उडवलंस तिलाच चार शब्द सुनावशील, पोलिसाला सुनावशील, मग घरी येऊन रडशील. ही आपली लगेच 'मामी, वाचव'. मी फोन ठेवला."

"बरोबर केलंस की!"

"थांब. ठेवला आणि मग हात तसेच साबणाचे. तुला लावला, तू घेतला नाहीस. परत लावला. मग ओट्याशी उभी राहिले ती उभीच. दोन वाजता तू फोन केलास तेव्हा मी काय विचारलं, आठवतं?"

भाचीला आठवलं. "जेवलीस का म्हणालीस."

"हं."

आत सूर थांबला, दुसरा सुरू झाला. भाचीच्या तोंडून नको होता तो प्रश्न निघून गेला.

"मग मामाला का नाही फोन केलास गं तेव्हाच?"

"काय सांगू त्यांना? पोर रडत होती आणि मी फोन ठेवला, असं? खोटी असली तरी तुझ्या आवाजात रडत होती. म्हटलं, तुझ्याशी बोलणं होऊ दे, मग संध्याकाळी हसत हसत सांगेन. तोवर हे बँकेत जाऊन आले होते." मामीचा आवाज खाली आला. "एक फोन केला असता तर छप्पर वाचलं असतं. पण छपराचं मला एवढं नाही वाटत. बादल्या आहेत घरात. तुझ्यासाठी हे कळूनसवरून जाऊन आले, आणि मी ठेवला. ते खुर्चीत मान खाली घालून बसतात ना, तेव्हा मला वाटतं मान मी खाली घालायला हवी."

"मामी, तू केलंस तेच शहाणपणाचं होतं. पोलिसही तेच सांगतात."

"शहाणपणाचं होतं ते मलाही ठाऊक आहे. झोप लागत नाही, ते वेगळं."

भाचीनं तिचा हात हातात घेतला. तो गार होता, नेहमीसारखा खरखरीत. या हातानं तिला वर्षानुवर्षं वेण्या घातल्या होत्या, त्याही इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे.

"तो मुंगूस आहे ना," मामी म्हणाली, "तो ह्यांच्यासाठी नाही चिकटवला मी. पुन्हा कधी माझ्यावर ठरवायची पाळी येऊ नये म्हणून चिकटवलाय. शब्द सांगितला तर तू, नाही सांगितला तर नाही. मी मोकळी." तिनं हात सोडवून घेतला. "हे त्यांना कळता कामा नये हं. शपथ घे."

"गळ्याशप्पथ," भाची म्हणाली.

एका दुपारात दोन शपथा झाल्या. दोघांनाही आपापली लाज एवढी मोठी वाटत होती, की समोरचा काय दडवून बसलाय हे त्यांना दिसत नव्हतं. नाही म्हणायला मामीला अर्धं दिसलं होतं, पण तेवढ्यानं तिचं ओझं वाढलंच होतं. आठवडाभर एका टेबलाशी जेवत होती दोघं. भाची आयुष्यभर माणसांना एकच गोष्ट शिकवत आली होती, की हातपाय मारू नका, अंग सैल सोडा, पाणी उचलतं. यांना ते कसं सांगायचं? शपथ मोडली तर दोघांचा विश्वास जातो, पाळली तर दोघं अशीच बसून राहतात.

"मामी, माझं एक काम करशील?"

"बोल."

"डबा घेऊन आत जा. आणि त्याला एवढंच विचार, की त्या आवाजात काय कमी होतं."

मामीनं तिच्याकडे नीट पाहिलं. चष्म्याआडून, बराच वेळ, लहानपणी प्रगतिपुस्तकावरची सही कुणी केली हे विचारताना बघायची तसं.

"आणि ते म्हणाले, काहीच कमी नव्हतं, हुबेहूब होता, तर?"

"तर तुझ्या मते काय कमी होतं ते तू सांग."

मामी उठली, साडी झटकली, डबा या हातातून त्या हातात घेतला. दाराशी जाऊन थांबली. भाचीला वाटलं, ही आता परत फिरते. पण तिनं दार ढकललं आणि आत गेली. दार तिच्यामागे आपोआप लागलं.

आतला सूर चालूच होता. मामीच्या चपलांचा आवाज रिकाम्या सभागृहातून त्याच्या दिशेनं गेला. सूर आणखी दोनदा आला आणि थांबला. मामीचं बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. एकच वाक्य असावं.

भाची कान देऊन बसली. आता पियानो पुन्हा सुरू होईल, मग सुरू होईल. समोरच्या मैदानातली मुलं खेळ संपवून दप्तरं गोळा करून निघून गेली. शिपायानं एका बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. बराच वेळ पियानो वाजला नाही. तिनं तलावावर निरोप पाठवला की संध्याकाळच्या तुकडीला आज उशीर होईल, आणि पायरीवरच बसून राहिली.